पिठ्या ढेकणाची ओळख : एका नामकरणाची उपयुक्त कथा

आषाढी एकादशी असो, महाशिवरात्र असो वा नवरात्र, महाराष्ट्रातील असंख्य घरांत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी शिजते. साबुदाणा हे धान्य नव्हे. साबुकंद अथवा कसावा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या मुळांतील पिष्टापासून तो तयार करतात. देशातील साबुदाण्याचा मोठा भाग तमिळनाडूतील सेलम व त्याच्या आसपासच्या पट्ट्यात तयार होतो. २०२० साली केरळातील त्रिसूर येथे साबुकंदाच्या झाडांवर एक पांढरट, पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा ढेकूण आढळला. पुढे त्याचा उपद्रव तमिळनाडूतही पोहोचला. बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने २०२२ साली त्याच्या नैसर्गिक शत्रूची तमिळनाडूतील शेतांत मुक्तता केली. अवघ्या दोन वर्षांत हा उपाय हाती येऊ शकला, याचे कारण या ढेकणाचे नेमके नाव शास्त्रज्ञांना ठाऊक होते. ते नाव १९७७ साली दुसऱ्याच खंडात, मोठ्या संकटाच्या वेळी दिले गेले होते.

कीटकाला नाव देणे हे केवळ पंडितांचे काम आहे, त्याचा शेतकऱ्याच्या बांधाशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. हा संबंध किती निकटचा आहे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ढेकूण म्हणजे कोण?

ढेकूण म्हटले की आपल्याला खाटेतील ढेकूण आठवतो. परंतु कीटकशास्त्राच्या दृष्टीने तो एका अवाढव्य परिवारातील एक लहानसा सदस्य होय. या परिवाराला हेमिप्टेरा किंवा अर्धपंखी गण म्हणतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, खवले कीड, पिठ्या ढेकूण आणि कोकणातील काजूच्या मोहोरावर व कोवळ्या पालवीवर तुटून पडणारा ढेकण्या हे सर्व याच गणातील आहेत. चावून खाण्याचे जबडे या कीटकांना नसतात. सुईसारखी सोंड वनस्पतीच्या पेशींत खुपसून ते रस शोषतात. म्हणूनच पाने कुरतडलेली दिसत नाहीत. ती पिवळी पडतात, आखडतात आणि वाळतात. शेतकऱ्याला रोग आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ती कीड असते.

पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात. तिच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो आणि लांबी अवघी दोन-तीन मिलिमीटर असते. नुसत्या डोळ्यांना एक पिठ्या ढेकूण दुसऱ्यासारखाच दिसतो, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

आफ्रिकेवरील संकट

साबुकंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तो आफ्रिकेत नेला. कोरड्या व हलक्या जमिनीतही तग धरणारे, गरज पडेल तेव्हा उकरून काढता येणारे हे पीक तेथे इतके रुजले, की विसाव्या शतकात सुमारे २० कोटी लोकांचे ते प्रमुख अन्न बनले. कंद तर खातातच. मध्य आफ्रिकेत त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही रोजच्या जेवणात असते.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काँगो नदीच्या दोन्ही काठांवरील किन्शासा व ब्राझाव्हिल या शहरांच्या परिसरात साबुकंदाचे शेंडे आखडू लागले. पेरांमधील अंतर कमी होऊन पाने गुच्छासारखी गोळा होत, मग गळून पडत आणि नुसते दांडे उभे राहत. कोरड्या ऋतूत हा उपद्रव विशेष वाढे. साबुकंदाची लागवड खोडाचे तुकडे लावून होते. एका गावाने दुसऱ्या गावाला बेणे दिले की त्याबरोबर कीडही जाई. पाहता पाहता ती अनेक देशांत पसरली. काही भागांत पिकाचे नुकसान ८० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. कीटकनाशके विकत घेण्याची ऐपत तेथील लहान शेतकऱ्यांजवळ नव्हती. शिवाय ज्याची पाने रोज शिजवून खायची त्या झाडावर विष फवारणे सुरक्षितही नव्हते.

नवी जात ठरते कशी?

या ढेकणाचे नमुने पॅरिस येथील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचले. तेथील शास्त्रज्ञ दानिएल मातिल-फेरेरो यांनी त्यांचा अभ्यास करून १९७७ साली ही जात विज्ञानाला नवी असल्याचे जाहीर केले आणि तिला ‘फेनाकोकस मॅनिहोटी’ असे नाव दिले. यातील पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा आहे. साबुकंदाच्या वनस्पतिशास्त्रीय वंशनामावरून, म्हणजे ‘मॅनिहॉट’वरून, दुसरा शब्द घेतला आहे.

अशा नामकरणामागे कोणते परिश्रम असतात, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. पिठ्या ढेकणाची जात त्याच्या रंगावरून किंवा मेणावरून ठरत नाही. प्रौढ मादी प्रथम क्षाराच्या सौम्य द्रावणात ऊन करतात. त्यामुळे शरीरातील मऊ भाग विरघळून पारदर्शक त्वचा तेवढी उरते. ती धुऊन, रंगवून काचपट्टीवर बाल्सम नावाच्या डिंकासारख्या पदार्थात कायमची बसवितात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या त्वचेवरील मेण पाझरणारी छिद्रे, नलिका, कडेचे काटे व केस मोजावे लागतात. कोणत्या प्रकारची छिद्रे कोठे आहेत, किती आहेत, स्पृशेचे खंड किती, पायांची मापे काय, या सर्वांची नोंद होते. छिद्राला तीन कप्पे आहेत की पाच, एवढ्या सूक्ष्म गोष्टीलाही येथे महत्त्व असते. काजूवरील ढेकण्यासारख्या पंख असलेल्या ढेकणांच्या बाबतीत पद्धत थोडी निराळी असते. ते टाचणीवर किंवा पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यावर सुकवून ठेवतात आणि जवळच्या जातींमधील भेद पुष्कळदा नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून निश्चित करतात.

यानंतर तुलनेचे काम येते. त्या वंशातील पूर्वी वर्णिलेल्या सर्व जातींची वर्णने वाचावी लागतात आणि शंका आल्यास जगातील निरनिराळ्या संग्रहालयांतील मूळ नमुने मागवून पडताळावे लागतात. कोणत्याही ज्ञात जातीशी मेळ बसला नाही, तरच ती नवी ठरते. येथे ‘नवी’ याचा अर्थ विज्ञानाला नवी, एवढाच घ्यावयाचा. सृष्टीत ती हजारो वर्षे असू शकते.

नाव देण्याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानतात. नवे नाव वर्णनासह प्रसिद्ध व्हावे लागते. एक नमुना त्या नावाचा प्रमाण-नमुना म्हणून निश्चित करतात. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. तो सार्वजनिक संग्रहालयात जपून ठेवतात, जेणेकरून पुढे कोणालाही शंका आल्यास नाव नेमके कोणाचे, हे त्या नमुन्याकडे पाहून ठरविता यावे. आपल्या वजनमापांना जसे प्रमाण-वजन असते, तसेच हे होय. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिली असल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरले जाते व नंतरचे पर्यायी नाव म्हणून बाजूला पडते.

दिसायला सारखे, पण एक नव्हे

नाव मिळाले तरी प्रश्न सुटला नव्हता. ही कीड आफ्रिकेची मूळ रहिवासी नसावी, असा तर्क होता. कारण साबुकंदच तेथील नव्हता, आणि इतकी शतके तो निर्धोक पिकत आला होता. पीक जेथून आले तेथूनच कीडही आली असावी आणि तिला ताब्यात ठेवणारे शत्रूही तेथेच असावेत, अशा विचाराने शास्त्रज्ञ अमेरिका खंडाकडे वळले.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात साबुकंदावर तसाच एक पिठ्या ढेकूण सापडला. त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटकही मिळाले. परंतु आफ्रिकेतील ढेकणावर ते वाढेनात. तेव्हा दोन्ही ढेकूण पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. आफ्रिकेतील ढेकणात केवळ माद्या असून नराविनाच त्यांचे प्रजनन होत होते, तर दुसऱ्यात नर व मादी दोन्ही होते. पोटाकडील बाजूच्या पाच कप्प्यांच्या छिद्रांतही भेद दिसून आला. १९८१ साली कॉक्स व विल्यम्स या शास्त्रज्ञांनी हा दुसरा ढेकूण स्वतंत्र जात असल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या शोधमोहिमेतील स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ‘फेनाकोकस हेरेनी’ ठेवण्यात आले.

हा भेद लक्षात आला नसता, तर चुकीच्या ढेकणाचे शत्रू आफ्रिकेत सोडण्यात आणखी वर्षे आणि पैसा खर्ची पडला असता आणि जैविक नियंत्रणाचा मार्गच निरुपयोगी असल्याचा समज झाला असता. भेद कळल्यामुळे शोधाची दिशा दक्षिणेकडे वळली. १९८१ मध्येच कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राचे शास्त्रज्ञ अँथनी बेलोटी यांना पराग्वे देशात खरा ‘मॅनिहोटी’ सापडला. त्याच्यावर जगणारी एक चिमुकली परोपजीवी माशीही मिळाली. गांधीलमाशीशी नाते सांगणारी, पण माणसाला दंश न करणारी ही माशी आज ‘अनागायरस लोपेझी’ या नावाने ओळखली जाते. तिचे वर्णन अर्जेंटिनातील शास्त्रज्ञ दे सांतिस यांनी १९६४ सालीच करून ठेवले होते. त्या वेळी तिचा असा उपयोग होईल, याची कोणाला कल्पनाही नसावी.

ब्रिटनमध्ये विलगवासात तपासणी झाल्यावर ही माशी नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत आणण्यात आली. १९८१ च्या अखेरीस तिची पहिली मुक्तता झाली. मादी माशी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते. त्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाते. ढेकूण फुगून कडक होतो आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते. साबुकंदाखालील क्षेत्र इतके विस्तृत होते, की काही ठिकाणी विमानांतूनही माशा सोडण्यात आल्या. दहा वर्षांच्या आत वीसहून अधिक देशांत ती स्थिरावली आणि बहुतेक ठिकाणी ढेकणाचा उपद्रव आटोक्यात आला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासात, या कार्यक्रमावरील खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे १४९ डॉलरचा लाभ झाल्याचे मांडण्यात आले. या कार्याबद्दल हेरेन यांना १९९५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

हीच माशी पुढे थायलंडमध्ये उपयोगी पडली. भारतात त्रिसूरला ढेकूण आढळला तेव्हा त्याची ओळख पटविण्यासाठी १९७७ चे वर्णन हाताशी होते. ओळख पटताच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बेनिन येथील केंद्राकडून माशी आणण्याची व्यवस्था करता आली.

आपल्या कापसाचा अनुभव

महाराष्ट्रालाही अशा ओळखीचे मोल अनुभवाने कळलेले आहे. २००५ नंतरच्या काही हंगामांत भारत व पाकिस्तानातील कापसावर पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला. तो कोणता ढेकूण, याविषयी प्रारंभी मतभेद होते. ही नवीच जात आहे, असे समजून पाकिस्तानात तिला कापसावरून स्वतंत्र नावही देण्यात आले. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपशीलवार अभ्यासात असे दिसले, की हा ढेकूण म्हणजे टिन्स्ली यांनी १८९८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथून वर्णिलेला ‘फेनाकोकस सोलेनॉप्सिस’ होय. ऋतुमानानुसार त्याच्या शरीररचनेत थोडे फरक पडतात आणि त्यामुळेच हा घोटाळा झाला होता. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ कापूस-उत्पादक राज्यांतील ४७ ठिकाणांची पाहणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतही हीच परदेशी जात सर्वत्र प्रबळ असल्याचे आढळले.

विशेष म्हणजे या ढेकणाचा शत्रू आपल्याच शेतांत दिसून आला. ती परोपजीवी माशी नवी जात म्हणून अलीगढचे शास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ साली वर्णिली आणि भारतीय शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या सन्मानार्थ तिला ‘एनासियस बंबावालेई’ असे नाव दिले. पुढे २०१४ साली तीदेखील अमेरिकेतून पूर्वी वर्णिलेल्या ‘एनासियस ॲरिझोनेन्सिस’ या जातीशी एकरूप असल्याचे मांडण्यात आले. यात कोणाचे उणेपण मानण्याचे कारण नाही. नाव तपासून पाहता येते व चूक आढळल्यास दुरुस्त करता येते, हेच या शास्त्राचे बळ आहे.

पपईचे उदाहरणही असेच आहे. पपईवरील पिठ्या ढेकणाचे वर्णन १९९२ सालीच झालेले होते. २००८ साली तो कोईमतूर येथे व नंतर महाराष्ट्रातही आढळला, तेव्हा त्याचे नाव व शत्रू दोन्ही माहीत होते. २०१० साली पोर्तो रिको येथून परोपजीवी कीटक आणून ते देशात सोडता आले.

गावपातळीवर काय करता येईल?

नव्या जातीचे वर्णन करणे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु तज्ज्ञाच्या टेबलावर नमुना पोहोचविणारा पहिला माणूस बहुधा गावातलाच असतो. या दृष्टीने ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कार्यकर्ते यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पूर्वी न पाहिलेली कीड पिकावर मोठ्या संख्येने दिसल्यास प्रथम कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याला अथवा नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागांकडेही नमुने पाठविता येतात.

नमुना घेताना पिठ्या ढेकूण, मावा यांसारखे मऊ अंगाचे कीटक झाडाच्या लहान तुकड्यासह ७० टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत ठेवावेत. बाटलीत कागदाची चिठ्ठी घालावी व ती शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, झाडाचे नाव व नमुना घेणाऱ्याचे नाव असावे. अशा चिठ्ठीवाचून उत्तम नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कीड असलेली रोपे, कलमे वा बेणे दुसऱ्या गावी नेऊ नयेत. जिवंत कीड दाखविण्यासाठी गावोगाव फिरविणे तर सर्वथा टाळावे. आफ्रिकेत साबुकंदाच्या बेण्यानेच कीड देशोदेशी गेली, हे विसरता कामा नये. कापसावरील पिठ्या ढेकूण बांधावरील गाजरगवतावरही वाढतो. म्हणून अशा तणांचा नाश हा सामुदायिक कार्यक्रम म्हणून ग्रामपंचायतीने हाती घ्यावा.

ओळख पटण्यापूर्वी सरसकट फवारणी करण्याचा मोह आवरावा. पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत काही ढेकूण तपकिरी, फुगीर व कडक झालेले दिसल्यास तेथे मित्रकीटक कामाला लागले आहेत, असे समजावे. त्या वेळची फवारणी शत्रूपेक्षा मित्राचाच अधिक घात करते.

शिक्षकांना तर हा विषय वर्गाबाहेर नेण्यासारखा आहे. शाळेच्या परसातील जास्वंदीच्या एका फांदीवरही ढेकूण, मुंग्या, ढालकिडे व परोपजीवी माश्या यांचे परस्परसंबंध भिंगाने पाहता येतात. नोंदवहीत तारीख, ठिकाण व झाड लिहिण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या मोठा शास्त्रज्ञ होईलच असे नाही; परंतु शेतात काही नवे दिसले तर ते त्याच्या नजरेतून सहसा सुटणार नाही.

पॅरिसच्या संग्रहालयात काचपट्टीवरची छिद्रे मोजणाऱ्या शास्त्रज्ञाचे काम आणि काँगोच्या काठावरील शेतकऱ्याचे जेवण यांत वरवर पाहता काही नाते दिसत नाही. प्रत्यक्षात ते होते, आणि त्याचाच लाभ चार दशकांनंतर तमिळनाडूच्या शेतकऱ्याला झाला. पुढच्या एकादशीला साबुदाणा भिजत घालताना त्याचे स्मरण ठेवावयास हरकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या शिवारात अनोळखी कीड दिसताच ‘यावर औषध कोणते?’ असे विचारण्यापूर्वी ‘ही कीड कोणती?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे योग्य उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते.